नानांचा कान

"गप बसा. आयकू द्या."

असं म्हणून नाना नारळाच्या खोडाला कान लावायचे आणि अख्खी गल्ली मुकाट उभी राहायची. तुम्हीही राहिला असता, पैज लावते.

नाना म्हणजे चोपड्यातले आमचे शेजारी, एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर. इंजिनाचं दुखणं आवाजावरून ओळखणारे. नव्वद सालाच्या आगेमागे बाहेरगावाहून आणलेल्या रोपांबरोबर आमच्याकडे सोंड्या भुंगा शिरला आणि नानांना नवी ड्युटी लागली. या भुंग्याच्या अळ्या खोड आतून पोखरतात, वरून झाड हिरवंगार! फार पोखरलं तर ते तोडून जाळायचं, नाहीतर शेजारचीही झाडं जातात. आत कुरकुर ऐकू आली की नाना सायकल काढून थेट शेतकी ऑफिसात वर्दी द्यायचे. गल्लीतले दोन नारळ असे गेले. त्यातला एक समोरच्या आबांचा. आबांनी नानांशी बोलणंच टाकलं.

आणि एके सकाळी मला नानांच्याच नारळावर तपकिरी, आंबूस रस ओघळलेला दिसला. ही त्या भुंग्याचीच खूण. हे रोप अक्कांनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, धुळ्याहून मांडीवर घेऊन आणलेलं. तेही नवऱ्याच्याच गाडीत, तिकीट काढून! त्याच वर्षी अक्का गेल्या. आणि भिंतीपलीकडे माझे दोन नारळ.

नानांनी कान लावला. "काहीच नही."

दुसऱ्या दिवशीही तेच. म्हाताऱ्याचा कान गेला, अशी कुजबुज सुरू झाली. आबा दारात उभे राहून नुसते बघायचे. मला नानांचा राग यायचा आणि रडूही. शेवटी न राहवून मीच खोडाला कान लावला. कुर्र, कुर्र. कुणी सुपारी चघळावी तसं.

"नाना, मला ऐकू येतंय हो."

त्यांनी खोडावरचा हात काढला नाही. "माले बी आयकू येस, पोरी. पयल्या दिनपाईन."

मग त्यांनी सायकल बाहेर काढली.

झाड पाडताना दोर धरायला आबा आले. बोलले नाहीत, पण दोर शेवटपर्यंत सोडला नाही. झाड पडलं तसे नाना त्याच्याकडे न बघता तडक माझ्या अंगणात आले. एका नारळाला कान, मग दुसऱ्याला. किती वेळ! माझा जीव नुसता टांगणीला.

"बठ्ठं गप शे, कुरकुर नही," ते म्हणाले, आणि माझ्या नारळाला धरून ढसाढसा रडले.

नाना आता नाहीत. माझे दोन्ही नारळ आहेत.