राजमतीचं देशव्रत आणि गोमटेशचा जामीन

राजमतीनं माठाच्या तोंडावर दुहेरी फडकं बांधलं होतं, निम्मी घागर गाळून झाली होती, एवढ्यात नवरा भुजबली फोन घेऊन उंबऱ्यावर आला. "झाला! गोमटेशचा अटकपूर्व जामीन मंजूर झाला!"

राजमतीनं घागर खाली ठेवून हात जोडले. णमोकार पुरा होईस्तोवर त्याला पुढचं बोलू दिलं नाही.

निपाणीतलं हे जैन घर कांदा-बटाट्याला शिवत नाही, दिवस मावळल्यावर जेवत नाही. तीन पिढ्यांचं पोट मात्र तंबाखूच्या वखारीवर भरलं, आणि त्याला शास्त्रात कुठं आडकाठी नाही अशी भुजबलीची समजूत. अशा घरावर गांजाची केस आली. पोरानं, गोमटेशनं, टेम्पो भाड्यानं दिलेला. तंबाखूच्या पोत्यांखाली पोलिसांना गांजा सापडला आणि ड्रायव्हरनं जबाबात मालकाचं नाव घेतलं. शेजारच्या अक्काताईनं विचारलंच, "पाणी एवढं गाळतीस, पोती तेवढी तशीच भरलीस व्हय गं?"

गोमटेश खानापूरला मावशीकडं 'हवापालटाला' गेला. भावकीचे फोन लागेनासे झाले. केस घेतली सुविधा वकिलीणबाईनं. तिची आजी गंगव्वा ह्याच वखारीत तंबाखू निवडायची आणि तिला प्यायला पाणी ओंजळीत वरनं ओतलं जायचं. आता नातीच्या हापिसात भुजबली खुर्चीच्या कडेवर बसायचा आणि चहा नको म्हणायची त्याची छाती व्हायची नाही.

राजमतीच्या हातात काय होतं? चातुर्मासाला बस्तीत, जैन मंदिरात, उतरलेल्या मुनी महाराजांपुढं तिनं देशव्रत घेतलं : दिवाळीपर्यंत निपाणीची वेस ओलांडणार नाही, पोराला जामीन मिळू दे. महाराज म्हणाले, "बाई, व्रतात सौदा नसतो." तिनं सौदा मनात ठेवला आणि व्रत तेवढं तोंडानं म्हटलं.

"पुढचं ऐक की," म्हणत भुजबलीनं फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"काकू," सुविधा म्हणाली, "जमीनवाला जामीनदार पायजे. मालकानं उतारा घेऊन स्वतः बेळगावच्या कोर्टात उभारायचं. ह्या आठवड्यात. न्हायतर जामिनाचा आदेश रद्द आणि पोलीस दारात."

"मग हे येतील की."

भुजबली भिंतीवरचं कॅलेंडर न्याहाळू लागला. भावकीच्या भांडणातनं वाचावी म्हणून त्यानंच सगळी जमीन राजमतीच्या नावावर चढवली होती.

"दुसरं कोण न्हाय?" राजमतीनं त्याला विचारलं.

"दुसऱ्यांचे फोन लागत्यात व्हय?" तो पुटपुटला.

"सुविधा, कोर्टाला सांग, काकूंचं व्रत हाय. दिवाळी झाली की येते. लोकांस्नी मिळत्यात की तारखा!"

पलीकडं हसू दाबल्याचा आवाज आला. "काकू, गोमटेशलाबी अट हाय, परवानगीशिवाय जिल्हा सोडायचा न्हाय. गांजाच्या केसमधल्याला सगळा जिल्हा मोकळा, आणि तुम्हांस्नी नुसतं निपाणी!"

"चेष्टा करू नगंस. माझी अट कोण काढणार?"

"ज्यानं घातली त्याच्यापुढंच अर्ज करायचा असतोय. आमच्या कोर्टातबी तसंच हाय."

राजमतीनं माठावरच्या फडक्याची गाठ आवळली. पोरासाठी बांधलेलं व्रत पोराच्याच आड येऊन बसलं होतं. वर ते मोडायचं तरी पोरासाठीच.

"निम्मं पाणी राहिलंय, ते गाळा," ती भुजबलीला म्हणाली. "फडकं विहिरीवर नेऊन धुवा, मोरीत नको. त्यात अडकलेले जीव परत पाण्यात जाऊ देत."

आयुष्यात पहिल्यांदा त्यानं फडकं हातात घेतलं. तिनं उतारा पिशवीत टाकला, पदर सारखा केला आणि चपला पायांत सरकवल्या. आधी बस्तीत महाराजांकडं जायचं होतं, अट सैल करून घ्यायला. तिथनं बेळगावच्या बसला.