आधी परतीचा खर्च : साळवे साहेबांचे अंदाजपत्रक

सिद्धार्थ साळवे साहेबांची आणि माझी पहिली ओळख एका पाइपमुळे झाली. नव्वदच्या दशकाची सुरुवात असेल. मी शिरूरहून दौंडच्या एस.टी.त बसलो होतो. न्हावऱ्याला एक गृहस्थ चढले. पांढरा इस्त्रीचा शर्ट, ताठ पाठ, आणि खांद्यावर शेतात पाण्याला वापरतात तसला पीव्हीसीचा पाइप, दोन्ही तोंडांना झाकणे बसवलेला.

कंडक्टरने विचारले, "काय हाय ह्याच्यात?"

गृहस्थ म्हणाले, "हिंदी महासागर."

"मग लगेज लागंल," कंडक्टर म्हणाला आणि तिकीट फाडले. गृहस्थांनी वाद न घालता पैसे दिले, तिकीट नीट घडी करून खिशात ठेवले आणि माझ्या शेजारी बसले. पाइपात सागरी नकाशे होते. दौंड येईपर्यंत मला कळले की हे रेल्वेच्या स्टोअरमध्ये नोकरीला आहेत, त्याआधी पंधरा वर्षे नौदलात होते, मूळचे निमोण्याच्या बौद्धवस्तीतले आहेत, आणि शिडाच्या नावेने पृथ्वीला वळसा घालण्याचा खर्च काढत आहेत. मी विचारले, नौदलात एवढे फिरलात, अजून हौस फिटली नाही का? ते म्हणाले, "जहाजाने नेलं तिथं गेलो. आता आपण नेलं तर कुठं जाऊ, ते बघायचंय."

त्या काळी मी तालुक्याच्या साप्ताहिकात लोकांची खुसपटे काढण्याचे सदर लिहीत असे. पाण्याशी ज्या भागाचा संबंध मुख्यतः टँकरपुरता, तिथे जगप्रदक्षिणेला निघालेला माणूस सापडणे म्हणजे आमच्या धंद्यातली दिवाळीच. पण साळवे साहेबांवर विनोद लिहिता येत नसे. आपण टिंगलीसाठी जो प्रश्न काढावा, तो त्यांनी आधीच खर्चाच्या बाजूला मांडलेला असे.

त्यांचे अंदाजपत्रक मी दौंडला त्यांच्या क्वार्टरमध्ये पहिल्यांदा पाहिले. लोक विचारत, नाव केवढ्याला पडेल? साहेब म्हणत, "नाव म्हणजे लग्नाचा खर्च. तो कुणीही करतं. पुढचा संसार कोण धरणार?" शिडे फाटणार, दोर झिजणार, बंदरांची भाडी, समुद्र जोडणाऱ्या कालव्याचे शुल्क, दातदुखी. सगळ्यात मोठा आकडा मात्र थांबण्याचा होता. वादळांचा हंगाम टळेपर्यंत महिनोन् महिने एखाद्या बंदरात पडून राहावे लागते, आणि तिथे पोट रोजच्यासारखेच चालते. "समुद्रात चालायला वारा लागतो. थांबायला पैसे लागतात," हे त्यांचे वाक्य मी माझ्या सदरात चोरून वापरले आहे.

परंतु त्या अंदाजपत्रकाचे खरे वैशिष्ट्य म्हणजे ते शेवटाकडून लिहिलेले होते. पहिलेच कलम होते परतीचा खर्च. वाटेतल्या कोणत्याही बंदरातून प्रवास सोडून घरी यायचे झाले, तर नावेवरच्या दोन माणसांना लागेल ती रक्कम आधी बाजूला, आणि तिला काही झाले तरी हात लावायचा नाही. त्याखाली एक नियम होता. दोघांपैकी कुणीही एकदा "परत" म्हणाला की दोघांनी परतायचे. कारण विचारायचे नाही. कोण म्हणाला ते कुणाला सांगायचे नाही. हा नियम आधीच जमिनीवर पोटभर जेवून ठरवायचा असतो, समुद्रात तो ठरवण्याइतके डोके कुणाचेच ठिकाणावर नसते, असे त्यांचे मत होते.

तालीमही त्यांनी घरापासून सुरू केली. एक आख्खा उन्हाळा साळवे कुटुंबाने नावेवर मिळेल तेवढ्याच पाण्यात काढला. भांडी एका घमेल्यात, अंघोळ एका तांब्यात. निमोण्याहून त्यांच्या चुलती पाहुण्या आल्या. त्यांना हा प्रयोग मोठ्या कौतुकाने समजावून सांगण्यात आला. म्हातारीने ऐकून घेतले आणि म्हणाली, "मंग आमी टँकरवाली समदी कवाच पृथ्वी फिरून आलो म्हण की." साहेब खळखळून हसले, आणि नंतर तासभर त्यांच्यासमोर बसून एका हंड्यात घर कसे चालते ते विचारून घेतले. त्यांच्या पत्नी मालतीताई कोरडेपणाने म्हणाल्या, "पंधरा वर्षं मी हेच सांगत होते. पण मी समुद्राचं नाव नव्हतं घेतलं."

नाव बांधली याकूबभाई तांबोळी यांनी. याकूबभाईंची शेड शिरूर-न्हावरे रस्त्याला आहे. उसाच्या ट्रॉल्या हा त्यांचा व्यवसाय. पोलादी पत्र्याला वाकवणे आणि जोडणे हे काम ट्रॉलीलाही लागते आणि नावेलाही, एवढ्या आधारावर साहेबांनी नावेचा आराखडा त्यांच्यापुढे पसरला. याकूबभाईंनी तो दोन दिवस पाहिला आणि एवढेच विचारले, "हिला ट्रॉलीवानी मागचं फाळकं न्हाई?" पुढची काही वर्षे त्या शेडमध्ये ट्रॉल्यांच्या रांगेत एक नाव वाढत होती. वेल्डिंगच्या प्रत्येक जोडाला एका अंगाने चुना आणि दुसऱ्या अंगाने रॉकेल लावून, चुन्यावर डाग उमटून फट दिसते का ते पाहिले जाई. ट्रॉली न्यायला आलेले शेतकरी नावेभोवती फिरून विचारत, ही किती टनाची, आन् कारखान्याला चालंल का? नावेचे नाव ठेवले 'भीमा'. काम संपत आले तेव्हा साहेबांना सोबतीला माणूस हवा होता, आणि याकूबभाई म्हणाले, "बांधली म्या. तरंगती का ते दुसऱ्यानं बघायचं व्हय?" नाव ट्रेलरवर घालून कोकणात उतरवली आणि साहेबांनी त्यांना तिथल्या किनाऱ्यावर दोन हंगाम शिकवले.

दरम्यान साहेबांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. स्वतःचे पैसे त्यांनी घातलेच, पण शिरूरकरांना कुणाचे काही चालले आहे आणि आपली समिती नाही, हे सहन होत नाही. आप्पा अध्यक्ष झाले. आप्पा म्हणजे आमच्याकडचे खताचे मोठे व्यापारी. माइक दिसला की बोलायचे आणि बोलले की निभवायचे, असा माणूस. मला लिहिता हात म्हणून चिटणीस केले. वर्गणी जमली. रांजणगावच्या कंपन्यांतल्या पोरांनी पगारातून दिली, बाजारपेठेने दिली. परतीच्या खर्चाचे कलम वाचल्यावर आप्पा चिडले. "साहेब, निघायच्या आधीच परतीचं काढताय? नवरी मांडवात, आन् तुम्ही काडीमोडाचं बोलताय." साहेब म्हणाले, "आप्पा, ते कलम काढायचं असेल तर तुमची वर्गणीही काढून घ्या." कलम राहिले.

निरोपाचा समारंभ नावेपासून दोनशे-अडीचशे किलोमीटरवर, शिरूरच्या चौकात झाला. शाली एवढ्या आल्या की त्यांच्या वजनाने 'भीमा' बुडाली असती. साहेबांनी शाली घरी ठेवल्या आणि न्हावऱ्याचा चाळीत साठवलेला कांदा तेवढा नेला, कारण तो टिकतो. थंडी सरता सरता ते दोघे कोकणातून निघाले.

मालदीव झाले. विषुववृत्त झाले. प्रत्येक मुक्कामावरून फोन येई, मालतीताई मला कळवीत आणि मी चौकातल्या फळ्यावर लिही. लोक फळ्यापाशी थांबू लागले. निमोण्याच्या पारावर मॉरिशस कुठे आहे यावर भांडणे होऊ लागली. आणि मग मॉरिशसहून एक फोन आला. साहेब पत्नीला म्हणाले, "पहिलं कलम लागू झालंय. दोघंही धडधाकट आहोत. तयारी कर." मालतीताईंनी "बरं" म्हणून फोन ठेवला. त्यांनीही विचारले नाही. मी फळ्यावर एवढेच लिहिले, 'दोघेही धडधाकट, परत येत आहेत.'

नाव तिथेच एका परदेशी जोडप्याला विकून दोघे विमानाने परतले. आठवडाभरात सभा झाली. सभागृह भरले होते. कुजबुज अशी की मुस्लिम माणूस घाबरला. दुसरी कुजबुज अशी की साळव्यांना झेपले नाही, आणि तीत जो जातीचा शब्द न उच्चारता उच्चारला जात होता, तो सगळ्यांना ऐकू येत होता. या तालुक्यात माणसाचे अपयश त्याच्या एकट्याचे कधी राहू देत नाहीत, त्याच्या आळीला वाटून टाकतात. 'परत' कोण म्हणाले एवढे सांगून साहेबांना आपल्यावरचे ओझे उतरवता आले असते.

साहेबांनी उभे राहून जमाखर्च वाचला. आप्पांनी विचारले, "ते झालं. पण परत कोन म्हनलं?"

"ते सांगायचं नाही असं ठरलंय."

"आवं, गावानं पैसा दिलाय. मंग गावानं काय समजायचं?"

"दोन माणसं गेली होती, दोन परत आली, असं समजायचं."

मागून कुणीतरी म्हणाले, "येवढ्यासाठी नाव कशाला, एस.टी. हुती की." लोक हसले. साहेब हसणे संपेपर्यंत उभे राहिले.

तेव्हा याकूबभाई उठले. "मी म्हनलो," ते म्हणाले. साहेब म्हणाले, "याकूब, खाली बस." ते बसले नाहीत.

"नाव चांगली हुती. वारा चांगला हुता. साहेब तर चांगलंच. माझंच काळीज ठिकाणावर न्हवतं. चारी बाजूला पानी आन् झोप म्हनून लागंना. मॉरिशसला उतरलो, आन् परत नावंत पाय ठेवायचा म्हनलं तर पायच उचलंना. म्हनलो, साहेब, परत. हे म्हनले, बरं."

आप्पांनी विचारले, "का म्हनून इचारलं न्हाई?"

"तवा न्हाई. आजपतुर न्हाई. म्या म्हनलं, साहेब, मला विमानात बसवा आन् तुम्ही म्होरं जावा. तर म्हनले, हिशेब दोघांचा हाय."

आप्पा हा बोलण्यासाठी जन्मलेला माणूस. ते व्यासपीठावरून उतरले, याकूबभाईंच्या शेजारच्या खुर्चीत बसले, आणि सभा संपेपर्यंत तिथेच बसून राहिले.

पुढचा प्रकार या गंभीर लेखात बसत नाही, पण सांगितला पाहिजे. नाव विकून आलेला आणि उरलेला पैसा साहेबांनी वर्गणीच्या प्रमाणात पाकिटे भरून घरोघर परत केला. शिरूरच्या सार्वजनिक जीवनात अशी घटना कुणी पाहिली नव्हती. गेलेली वर्गणी परत आल्यावर काय करायचे याचा कुणालाच सराव नव्हता. काहींना यात डाव दिसला. बाजारपेठेतल्या एका दुकानदाराने तर पाकीट पाहून, साहेब आणखी मागत आहेत असे समजून, त्यात तेवढीच भर घालून ते त्यांच्या घरी पोचवले. ते पुन्हा परत करायला साहेबांना तीन खेटे घालावे लागले.

साहेबांचा एक उपकार मात्र माझ्या घरातला आहे. माझी मुलगी शिकायला हैदराबादला निघाली, तेव्हा ते येऊन तिच्या हातात रेल्वेभाड्याचे पैसे देऊन गेले. म्हणाले, "हे परतीचं. यातून पुस्तक घ्यायचं नाही. परत यावंसं वाटलं तर यायचं. का आलीस, हे कुणी विचारणार नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्हीसुद्धा विचारायचं नाही." सहामाहीच्या आतच ती एका सकाळी दारात उभी राहिली. उपरोधावर पोट भरणाऱ्या माणसाच्या जिभेवर त्या क्षणी काय काय आले असेल याची वाचकांनी कल्पना करावी. मी पिशवी घेतली आणि म्हणालो, "चहा टाकतो." आठवडाभराने तिने आपणहून सांगितले. ते काय होते हे लिहिण्याचा मला अधिकार नाही. एवढेच लिहितो की मी त्या सकाळी विचारले असते, तर तिने कधीच सांगितले नसते. पुढच्या वर्षी ती दुसऱ्या गावी गेली आणि शिक्षण पुरे केले. निमोण्या-न्हावऱ्याची कितीतरी पोरे नोकरीला बाहेर पडताना आज साहेबांकडे जातात. ते आधी विचारतात, "परतीचं काय धरलंयस?"

साहेबांच्या साठीनिमित्त हा गौरवग्रंथ ठरला तेव्हा याकूबभाईंना दोन ओळी मागितल्या. ते म्हणाले, "म्या काय लिहू? म्या त्यांचं जग अडवलं." हे मी साहेबांच्या कानावर घातले, आणि इतक्या वर्षांत जे कुणी विचारले नव्हते तेही विचारले. साहेब, वाईट वाटते का?

ते कचेरीतली भाषा सोडून निमोण्याच्या भाषेत म्हणाले, "वाटतं की. रोज वाटतं. सकाळी उठलं की पैल्यांदा वारा कुठला हाय ते बघतो. पन ते दुख मी माझ्या नावावर धरलंय. याकूबच्या नावावर न्हाई. तसं त्याला जाऊन सांगा."

मी शेडमध्ये जाऊन शब्दशः सांगितले. याकूबभाईंनी तोंडावर वेल्डिंगची काच धरली आणि काम चालू केले. ती त्यांनी लवकर खाली घेतली नाही.

साळवे साहेब साठ वर्षांचे झाले. त्यांच्या आयुष्याची दोरी मजबूत असो, गुडघे आणि डोळे शाबूत राहोत, मालतीताईंची टोचणी अखंड लाभो. अजून किती वर्षे, तो आकडा मी मुद्दाम घालत नाही. कशाच्या आधारावर धरला, असे ते विचारतील. उरलेल्या वर्षांत एखाद्या सकाळी वारा पाहून त्यांनी पुन्हा "निघतो" म्हटले, तर आम्हा शिरूरकरांना एवढी बुद्धी व्हावी, की आम्ही नुसते "बरं" म्हणावे.