कुलदीप मधातच काऊन थांबते?

साखरखेर्ड्यात विहिरीतली मोटार बिघडली की माणसं अजून कडूबालाच हाक मारतात. चाळीस वर्षं कप्पी आणि लोखंडी दोरावर त्यानं मोटारी वर काढल्या. अक्षरओळख जेमतेम, पण एखादी गोष्ट अशीच का होते हे कळल्याशिवाय त्याला जेवण गोड लागत नाही.

शाळेतल्या वंदना मॅडमनी मोबाइलवर झिपलाइन, म्हणजे उतरत्या तारेवरून लटकून घसरत जायचा खेळ, दाखवली तेव्हा तो हसलाच. "हे तं आपलीच कप्पी हाये, मॅडम. मोटारीच्या जागी पोरगं!"

चार दिवसांत त्यानं मैदानातल्या कडुनिंबापासून चिंचेपर्यंत उतरती तार ताणली आणि कप्पीला बसायला फळी टांगली. पोरांचे पाय जमिनीपासून हातभरच वर राहतील, इतकी खाली. आधी वाळूचं पोतं सोडून पाहिलं, मग स्वतः बसून गेला. उतरला आणि परत एकदा बसला.

पोरं त्यावर तुटून पडली. आठवडाभर सगळी सरसर चिंचेपर्यंत जात होती. मग सर्वांत हलका कुलदीप मध्येच थांबून लोंबकळू लागला.

"घरी जेवत नाही बे तू," पोरांनी निदान केलं. कुणी त्याला पाय पोटाशी घ्यायला लावले, कुणी पळत येऊन ढकललं, कुणी दप्तरात दगड भरून पाठीवर दिलं. कप्पीला तेलही पाजून झालं. दगडांनी कुलदीप दोन हात पुढं सरकला, पण थांबला मधातच. कडूबाही चक्रावला.

तिसरीतली पुष्पांजली मात्र एकदाही बसली नव्हती. निंबाखाली उभी राहून नुसती बघायची.

"भ्या वाटते का तुले?" कडूबानं विचारलं.

"हाव. म्हणून तं पाहून राह्यली. आबा, तार रोज खाली येऊन राह्यली. सोमवारी त्या ढोलीच्या वर होती."

कडूबा शिडी लावून चढला. तार बुंध्याला आवळून धरणारा क्लॅम्प ढिला पडून ती वीतभर घसरली होती. उतार कमी झाला, म्हणून हलकं पोर आधी अडलं! इतके दिवस तो पोरांकडं बघत होता, झाडाकडं नाही.

दोन दिवस खेळ बंद. त्यानं दुहेरी क्लॅम्प आवळले, खाली लाकडाचा टेका ठोकला, पुन्हा पोतं सोडलं. पुष्पांजलीनं शिडीवरून बुंध्यावर तारेच्या उंचीला खडूनं रेघ ओढली. आता पोरं आधी रेघ बघतात, मग रांग लावतात.

खेळ पुन्हा सुरू झाला त्या दिवशी कुलदीप थेट चिंचेला पोचला. त्याच्यामागून पुष्पांजली बसली.

"कसं वाटलं व माय?" कडूबानं उत्सुकतेनं विचारलं.

"माहीत नाही. डोळे मिटले होते." ती धापा टाकत म्हणाली आणि रांगेच्या शेवटाकडं पळाली. "आता उघडे ठेवून पाहीन!"