रांजणाचं उताणं झाकण

दक्षिणेचा वारा सुटला की छांगचाऊ बेटाच्या खाडीतल्या बोटींना घाम फुटतो. पाऊस नसतो, पण छपराच्या फळ्यांना आतून थेंब लोंबतात, दोरखंड बुळबुळीत होतात आणि वाटीतलं मीठ बसल्या जागी पाणी होतं. अशा सकाळी लाय याऊ-शिंग जाळ्याला हात लावायच्या आधी धान्याकडे वळायचा. ओल शोषायला ठेवलेल्या चुन्याच्या मऊ पडलेल्या पुरचुंड्या बदलायच्या, मुगाचं शिंकं चुलीच्या धुरात सरकवायचं, सुकट हुंगून बघायची. हे काम त्याला झकास जमायचं. वाईट एवढंच, की जमतं हे त्याला ठाऊक होतं.

यंदा थिन हौच्या जत्रेचा चिकट तांदूळ त्याच्या बोटीवर होता. थिन हौ म्हणजे दर्यावरच्या माणसांची आई. तिच्या नैवेद्याला पानात बांधलेले भाताचे उंडे लागतात. आसपासच्या बोटींनी मूठमूठ काढून तो तांदूळ साठवला होता आणि सांभाळायचा मान शिंगने चक्क मागून घेतला होता.

"दिवस दमट आहेत रे. जमेल ना?" मोक आजीने विचारलं होतं. खाडीतल्या बोटींच्या त्या रांगेत तिचा शब्द शेवटचा.

"आजी, माझ्या रांजणातला एक दाणा दुसऱ्याला ओळख दाखवत नाही!"

हे वाक्य त्याला स्वतःलाच इतकं आवडलं, की ते ऐकवायला तो गिऱ्हाईक शोधू लागला. कुणी विस्तव मागायला आलं, कुणी नुसतं खाकरत शेजारून वल्हवत गेलं, तरी हा हाक मारायचा, "ये, बघून जा!" मग झाकण उघडायचं, मूठभर तांदूळ वर धरून सळसळ खाली सोडायचा. झाकण तेवढं बाजूला उताणं. बोटीवर वाटी, टोपली, झाकण काही पालथं घालत नाहीत. पालथं भांडं म्हणजे पालथी बोट. ह्या बाबतीत शिंग इतका कडक, की पाहुण्यालाही झापायचा.

उंड्यांचा तांदूळ भिजत घालायच्या सकाळी मोक आजी चार बायका घेऊन आली. शिंगने बाह्या सारल्या, झाकण उचललं, उताणं ठेवलं आणि ऐटीत मूठ भरली. मूठ सळसळली नाही. हातात हिरवट ढेकूळ आलं, कुजक्या गोणपाटाच्या वासाचं.

आजीने वाकून पाहिलं. "ओळख चांगलीच झालेली दिसते."

बायका फिदीफिदी हसल्या. शिंगच्या मनात आधी चुनावाल्याला शिव्या द्यायचं आलं. तेवढ्यात टप्प! छपराचा थेंब उताण्या झाकणात पडला. पुन्हा टप्प. असं बघता बघता झाकणात चूळ भरण्याइतकं पाणी साचायचं, आणि झाकण परत लावताना ते तो रोज मोठ्या काळजीने तांदळावरच ओतत आला होता. चुनावाला सुटला.

"आजी, मीच भिजवला," तो पुटपुटला. "आईच्या नैवेद्याचं आता कसं?"

त्याची बायको खिऊ पुढे झाली. वरचा थर ओरबाडून तिने कोपरापर्यंत हात खुपसला. "खाली सुका आहे. वरचा गेला तो आपल्यातला भरू." तिने फळीखालून मेणकापडात आवळलेला पत्र्याचा डबा काढला. त्यातला चिकट तांदूळ खडखडीत होता.

"एवढा सुका? केलंस काय तू?" शिंगला राहवलं नाही.

"उघडला नाही. कुणाला दाखवायचा होता?" ती म्हणाली. "बोटीवर पालथा घडा ठेवत नाहीत म्हणे. मग इतकी वर्षं मी पाणी कशावर ओततेय?"

आता आजीलाही हसू आवरेना. पण हसणं संपल्यावर ती म्हणाली, "नैवेद्य होईल. रांजण मात्र पुढच्या साली क्वोकच्या बोटीवर. तो घुम्या आहे, बरा पडेल."

आजीशी वाद घालायची खाडीत चाल नव्हती. तांदूळ भिजत पडल्यावर शिंगने रिकामा रांजण छातीशी धरला आणि फळीवरून शेजारच्या बोटीवर नेला. क्वोकने हात पुढे केले.

"हे बघ क्वोक, दमटपणाचं असं असतं..." शिंगने सुरुवात केली. दोन्ही बोटींवरच्या बायका माना वळवून त्याच्याकडे बघू लागल्या.

"काही नाही. जड आहे, कंबर सांभाळ," शिंगने आवरतं घेतलं.

परत येऊन त्याने गळांची टोपली पुढ्यात ओढली आणि एकेक गळ सोडवून काठाला अडकवत बसला.