प्रधानजींचा पट्टा

कुजबुजे काकांना मोठ्याने बोलताना कोणी ऐकलं नव्हतं. कुजबुजे हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. नाटक कंपनीतल्या एका विनोदी नटाने ते त्यांना चिकटवलं आणि ते असं चिकटलं, की खरं आडनाव पुढे फक्त विजेच्या बिलावर उरलं.

काकांनी उभं आयुष्य प्रॉम्प्टर म्हणून काढलं. संहिता हातात धरून विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या पडद्याआड उभं राहायचं आणि नट अडला की पुढची ओळ त्याच्या कानात सोडायची. नटाला ती ऐकू गेली पाहिजे आणि पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाला तिचा पत्ता लागता कामा नये. मोठमोठे नट टाळ्यांच्या कडकडाटात घरी गेले, पण त्या टाळ्यांखाली कुठेतरी काकांचा श्वास होता. त्याबद्दल काकांची तक्रार नव्हती. नट सज्जन असो की लबाड, जिवाभावाचा असो की सकाळीच आपला पाणउतारा करून गेलेला असो, तो अडला की ओळ जायची. पापणी लवावी तशी, विचार न करता.

पण या धंद्याने त्यांचा एक घात केला. रागावतानाही त्यांचा आवाज चढेना. नवराबायकोचं भांडण जुंपलं की काका दात-ओठ खात कुजबुजायचे आणि भिंतीपलीकडच्या शेजारणीला वाटायचं, काय गुलूगुलू संसार चाललाय. काकू वैतागून म्हणायच्या, "अहो, एकदा तरी ओरडा. भांडल्याचं समाधान तरी मिळू द्या."

काकू गेल्या आणि घरात काका आणि प्रधानजी असे दोघंच राहिले. प्रधानजी म्हणजे कुत्रा. मातकट रंगाचे, लांबोडक्या तोंडाचे, एक डोळा जरा बारीक. पिल्लू होते तेव्हा काकूंनी त्यांना थिएटरच्या मागच्या अंगणातून पदराखाली घालून आणलं होतं. काकांच्या दोन पावलं मागे चालायचं, काका थांबले की बसायचं आणि काका जे काही पुटपुटतील त्याला मान हलवायची, असा त्यांचा खाक्या. राजाच्या नाटकातला प्रधान याहून वेगळं काय करतो? नाव पडलं ते पडलं, आणि नावामागोमाग काकांच्या बोलण्यात अहो-जाहोही आलं. "प्रधानजी, चला. प्रधानजी, ती चप्पल ठेवा खाली."

त्यांच्या गळ्यात लाल मखमलीचा पट्टा होता. थिएटरचा जुना दर्शनी पडदा उतरवला तेव्हा काकूंनी त्याचा एक तुकडा मागून घेतला, आत जाड कापड घातलं आणि दुहेरी टाके मारून पट्टा शिवला. हातात सुई धरवत होती तेव्हाचं ते शेवटचं शिवण. पट्टा धुतला की त्याला अजून थिएटरचा वास येतो, असं काकांचं म्हणणं. कुत्र्याचा येतो, असं लेकीचं.

त्या रविवारी ही लेकच त्यांना बागेतल्या कलामेळ्याला घेऊन गेली. घरात बसून भिंतींकडे किती बघाल बाबा, तिथे निदान रंगवलेल्या तरी असतील, असं म्हणाली. बाग गजबजली होती. झाडाझाडांत दोऱ्या ताणून चित्रं टांगली होती, कुठे मातीची भांडी, कुठे तारेचे पक्षी, कुठे खुर्चीत बसवून माणसाचा चेहरा काढून देणारा. काकांना जुन्या दिवसांची आठवण झाली. पडदे रंगवायचे दिवस आले की थिएटरच्या अंगणात असाच टर्पेंटाइनचा वास सुटायचा. बऱ्याच दिवसांनी बाबांच्या चेहऱ्यावर हसू बघून लेकीला बरं वाटलं. ती खेळण्यांच्या दुकानाशी रेंगाळली आणि काका प्रधानजींची साखळी धरून पुढे निघाले.

छोट्या व्यासपीठाशेजारच्या मांडवात समोरच एक मोठं चित्र होतं. काका थबकले. मागून प्रधानजी त्यांच्या पोटरीवर आदळले.

चित्रात वाचनालयाच्या पायऱ्या होत्या. बाजूला सायकली. वर बंद दार. आणि खालच्या पायरीशी, दाराकडे अर्धवट मान वळवून, साक्षात प्रधानजी. तोच मातकट रंग, तोच बारीक डोळा, कंटाळा आला की पुढचा एक पाय दुमडून बसायची तीच ढब. काका रोज दुपारी पेपर वाचायला वाचनालयात जात. कुत्र्याला आत मज्जाव, म्हणून प्रधानजी पायरीशी बसून राहत. इतकं हुबेहूब, की काकांनी खाली वाकून प्रधानजींना चित्र दाखवलं. "बघा, कोण आहे?"

मग त्यांनी खालची चिठ्ठी वाचली. चित्राचं नाव होतं, 'बेवारस'.

त्यांनी पुन्हा वर पाहिलं, आणि आता त्यांना दिसलं की चित्रातल्या कुत्र्याचा गळा मोकळा आहे. पट्टा नाही.

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काकूंनी दुखऱ्या बोटांनी घातलेला एकेक टाका कुणीतरी उसवून फेकून द्यावा, तसं त्यांना झालं. चित्रकार बाई मांडवात स्टुलावर बसून कागदावरचं काहीतरी पुटपुटत पाठ करत होत्या. मध्यम वयाच्या, केसात पेन्सिल खोचलेली. काका त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि रागाने थरथरत कुजबुजले.

बाईंना वाटलं, आजोबांना पाणी हवंय. त्यांनी बाटली पुढे केली.

"पाणी नकोय मला," काका म्हणाले. "हा कुत्रा माझा आहे. आणि याला पट्टा आहे. तुम्ही काढून घेतलात."

बाईंनी प्रधानजींकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं आणि त्या चपापल्या. पण त्या वाईट नव्हत्या, खोटंही बोलल्या नाहीत. पट्टा दिसला होता मला, म्हणाल्या. पण तो लाल रंग चित्रात फार ओरडत होता. शिवाय पट्टा आला की बघणारा म्हणतो, मालक आत गेलाय, येईल, आणि पुढे चालू लागतो. मग चित्रात उरतं काय?

"खरं काय ते उरतं," काका म्हणाले.

"काका, तो तुमचा कुत्रा नाही हो. तो चित्रातला कुत्रा आहे."

"मग चित्रातल्या पायऱ्या वाचनालयाच्या कशाला? डोळा माझ्या कुत्र्याचा कशाला? सगळं त्याचं घेतलंत आणि त्याचं माणूस तेवढं पुसलंत."

शेजारच्या मांडवातल्या माणसाला हे सगळं, एक आजोबा बाईंना काहीतरी गुपित सांगताहेत, असं दिसलं असेल. बाई म्हणाल्या, नाव छापून गेलंय, परीक्षकांनी हे चित्र निवडलंय, आता व्यासपीठावर मला यावरच बोलायचंय, आपण नंतर बोलू या का? आणि त्या पुन्हा कागदात डोकं घालून पाठ करू लागल्या. काका हटले नाहीत. बाईंचं भाषण त्यांच्या कानावर पुन्हा पुन्हा पडत राहिलं, आणि कानावर पडलेलं विसरणं काकांना कधी जमलंच नव्हतं.

एवढ्यात लेक आली. बापाचा चेहरा पाहून तिने ओळखलं. काय झालं ते कळल्यावर तीही चिडली, पण म्हणाली, "बाबा, चला घरी. चित्रच आहे शेवटी."

"तुझी आई आहे त्यात," काका म्हणाले. "नव्हे, नाहीये. तेच तर."

संयोजकालाच गाठून ते चित्र खाली उतरवायला लावायचं, असं काकांनी ठरवलं. संयोजक व्यासपीठावर माईकशी झटापट करत होता. समोर खुर्च्या भरत होत्या. लेक म्हणाली, तोवर बसा. पण समोर बसून काही बघायची काकांना सवयच नव्हती. त्यांचे पाय आपोआप व्यासपीठाच्या बाजूला वळले, जिथे खांबांना कापड ताणलं होतं. त्याआड ते उभे राहिले आणि प्रधानजी दोन पावलं मागे बसले.

चित्र वर आणून ठेवलं गेलं. बाई आल्या. कागद त्यांनी खालीच ठेवला होता. पाठ झालंय, अशी खात्री असावी. अशी खात्री असलेले नट काकांनी पुष्कळ पाहिले होते.

"रोज दुपारी मी वाचनालयावरून जाते," बाई म्हणाल्या. "आणि..."

आणि पुढे काही नाही. समोर एवढी माणसं. बाईंचा हात केसातल्या पेन्सिलीकडे गेला.

"पायऱ्यांशी हा बसलेला असतो," कापडाआडून ओळ आली.

"पायऱ्यांशी हा बसलेला असतो," बाई म्हणाल्या.

आपण काय करून बसलो, हे काकांना ओळ सुटल्यावर कळलं. जिच्यावर दात-ओठ खात आलो, तिलाच हात दिला. स्वतःचाच त्यांना असा संताप आला, की जीभ चावावीशी वाटली. पण बाई पुन्हा अडल्या आणि जीभ पुन्हा सुटली.

"ऊन असो, वारा असो, याची नजर दारावर."

बाईंनी तेही उचललं. आता त्यांना लय सापडत होती. समोरची माणसं सरसावून ऐकू लागली. एकच वाक्य राहिलं होतं, भाषणाचा सगळा डोलारा ज्यावर होता ते. ज्याची वाट पाहावी असं ज्याला कुणीच नाही, त्याचं हे वाट पाहणं; म्हणून हा बेवारस. बाईंनी तोंड उघडलं आणि वाक्य पुन्हा हातातून निसटलं. त्यांनी नकळत मान कापडाकडे वळवली, जशी कितीतरी नटांनी वळवली होती.

काकांना ते वाक्य पाठ होतं. ओठांवर होतं.

त्यांनी ते दिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी त्यांनी भर मंचावर तसंच उभं ठेवलं.  

कुजबुज मध्येच थांबली, हे मात्र प्रधानजींना पटलं नाही. घरात त्यांना तोच एक आवाज माहीत होता. ते उठले, हरवलेला आवाज शोधल्यासारखं इकडेतिकडे हुंगलं आणि कापडाच्या कडेने थेट व्यासपीठावर निघाले. साखळी ताणली गेली. लोकांना आधी कुत्रा दिसला, मग गळ्यातला मखमली पट्टा, मग साखळी, आणि साखळीच्या टोकाला, कापडाआडून बाहेर आलेला एका म्हाताऱ्या माणसाचा हात. मनगटापर्यंत. त्यापुढे काका यायला तयार नव्हते.

प्रधानजी चित्राच्या पुढ्यात बसले, एक पाय दुमडून.

खुर्च्यांत थोडं हसू उमटलं आणि विरलं. बाई त्या हाताकडे बघत राहिल्या. संयोजक पुढे होऊ लागला, त्याला त्यांनी थांबवलं. मग त्या बोलल्या ते कागदावर नव्हतं आणि कापडाआडूनही आलं नव्हतं.

"याला पट्टा आहे," त्या म्हणाल्या. "मी तो काढून टाकला होता. हा बेवारस नाही. याचं माणूस आत पेपर वाचत असतं."

एवढंच म्हणून त्या खाली उतरल्या. टाळ्या पडल्या की नाही, ते काकांनी ऐकलं नाही.

नंतर बाई चित्र आणि रंगांची पेटी घेऊन काकांकडे आल्या. चिठ्ठी त्यांनी आधीच काढून टाकली होती. परीक्षकांपैकी एक जण कुरकुरत होता, की चित्राचा समतोल जाईल. बाई त्याला म्हणाल्या, जाऊ द्या. त्या प्रधानजींसमोर गवतात बसल्या आणि लाल रंगात थोडा तपकिरी मिसळू लागल्या. लेकीने बाबांसाठी खुर्ची आणली. काकांनी चहाला नाही म्हटलं, आभाराचा शब्द काढला नाही. राग अजून धुमसत होता आणि तो सोडायची त्यांना घाई नव्हती.

पण बाईंचा ब्रश कॅनव्हासशी जाऊन अडला. मखमलीवर ऊन पडलं की ती नक्की कशी दिसते, ते त्यांना जमेना.

"कडेला जरा काळपट," काका कुजबुजले. "आणि टाके दिसू द्या. दुहेरी आहेत."