दोन कवींची एकच नायिका

धारच्या पागेत घोड्यांना खरारा करणाऱ्या घरात जन्मलेला खंडोजी रंगपटात शिरला की राजकन्या होऊनच बाहेर पडायचा. नाव रांगडं, मनगट रांगडं. पण शालूचा पदर खांद्यावर आला की समोरचा पुरुष खाली बघायचा. ही गोष्ट त्याची तिशी उलटल्यानंतरची, नाटक मंडळीचा मुक्काम देवासला होता तेव्हाची.

देवास म्हणजे एका गावात दोन राज्यं, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या या कडेला जे होईल ते त्या कडेलाही झालंच पाहिजे, नाहीतर रुसवा. म्हणून थोरल्या पातीतल्या तात्यासाहेबांनी नायिकेसाठी पद लिहून दिलं, तेव्हा मंडळीचे मालक गोपाळराव हो म्हणाले. आणि धाकट्या पातीतल्या नारायणरावांनी त्याच प्रवेशासाठी दुसरं पद धाडलं, तेव्हाही हो म्हणाले.

प्रवेश एवढाच, की नायिका प्रियकराची वाट बघते आहे. पण तात्यासाहेबांची नायिका अन्नपाणी टाकून झुरते; तिला चांदणं पोळतं, चंदनाची उटी जाळते. नारायणरावांची नायिका उशीर झाला म्हणून टोमणे मारते आणि हसत हसत जवळ बोलावते. एकाला प्रेम म्हणजे दुखणं वाटे, दुसऱ्याला खेळ.

"दोन्ही पात्या खूश झाल्या तर पुढच्या हंगामातही नायिका तूच," गोपाळरावांनी बजावलं. "एका बाजूनं जरी हुर्यो झाली, तर शालू उतरव. नाटकात आईची कामं आहेतच."

"आईची कामं करायला माझे केस पिकलेत का, मालक?"

"एक पिकलाय. मी बघत नाही, प्रेक्षक बघतात."

तालमीत काही जमेना. पहिल्या पदात रडला की दुसऱ्यातलं हसणं खोटं वाटे. त्याची बायको मालन धारहून येऊन देवासलाच मावशीकडे उतरली होती. संध्याकाळी त्यानं तिला दोन्ही पदं म्हणून दाखवली. ती लसूण सोलत ऐकत होती.

"पहिली जेवत नाही, दुसरी कामाला हात लावत नाही," ती म्हणाली. "माणसं नाहीत का त्यांच्या घरात?"

"अगं, काव्य आहे ते."

"असेल. तुम्ही सगळा हिवाळा मंडळीबरोबर खातेगावला होतात, तेव्हा मी रोज जेवले. सवयीनं तुमच्या वाट्याची भाकरी थापायची आणि तुम्ही नाही म्हणून रागानं तीही खायची. डोळ्यांत पाणी, आणि मनात तुम्हाला काय काय ऐकवायचं त्याची जुळणी. मग माझं मलाच हसू यायचं."

"हे मला कधी बोलली नाहीस."

"विचारलंत कधी? बायकांची कामं करता, आणि बायकोला विचारत नाही."

खेळाला मांडव गच्च भरला. एकीकडे थोरली पाती, दुसरीकडे धाकटी, बायका चिकाच्या पडद्यामागे. खंडोजी पानाचं तबक घेऊन बसला. तात्यासाहेबांचं पद म्हणत त्यानं प्रियकरासाठी विडा लावला. गाणाऱ्याला सुपारी चालत नाही, ती त्यानं हळूच वगळली. पद संपलं, कोणी आलं नाही. त्यानं दाराकडे पाहिलं, विड्याकडे पाहिलं आणि विडा स्वतःच खाऊन टाकला. मग गालांवरचं पाणी न पुसता, लाल ओठांनी, नारायणरावांचा पहिला टोमणा उचलला.

तात्यासाहेब ताडकन उठले. "माझी विरहिणी विडा खाते?"

"आणि माझी का रडते?" पलीकडून नारायणराव उठले.

विंगेत गोपाळरावांनी कपाळाला हात लावला. तोच चिकामागे बायकांत हसू फुटलं आणि तात्यासाहेबांच्या पत्नी माई यांचा निरोप आला: पहिल्या पदापासून पुन्हा म्हणा, ही बाई आमच्या ओळखीची आहे.

"हो जाए भिया, फिर से," मागून एक माळवी हलवाई ओरडला. राजकन्येला भिया, म्हणजे भाऊ, म्हटलेलं ऐकून दोन्ही पात्या एकदमच हसल्या. माईंपुढे उभं राहण्याची तात्यासाहेबांची छाती नव्हती; ते बसले. ते बसले म्हणून नारायणरावही बसले.

खेळ संपल्यावर गोपाळराव रंगपटात आले. "धारच्या खेळाला नायिका तूच," ते म्हणाले.

खंडोजी केसांत गुंफलेलं गंगावन सोडवत होता. "एका खेळाचं नको मालक, सगळ्या हंगामाचं बोला. आणि आईच्या कामाला दुसरा कोणी तरी बघा. माझ्या अंगावर अजून शालूच शोभतो."