थांबली की घर

पळस फुलला की आम्ही मोटरहोम घेऊन अभयारण्यं बघत हिंडतो. यंदा भंडारदऱ्याच्या काठावर शेजारी कांद्याच्या टेम्पोत पलंग आणि शेगडी बसवून केलेलं एक फिरतं घर उभं होतं. त्याचा मालक, साठीचा शेतकरी, दार सताड उघडं टाकून खुशाल फिरायला जाई. कुत्रं शिरू नये म्हणून दारात फक्त एक फळी आडवी लावी.

"काका, दार लावत नाही?" मी विचारलं.

"आमी शनिशिंगणापूरचे. आमच्या घराला दारच न्हाई."

"पण ही गाडी आहे."

"चालती तवा गाडी. तवा लावतो की दार. थांबली की घर झालं. चला, पान्याकडं जाऊन येऊ."

चार पावलं गेल्यावर मी सवयीनं खिशातल्या चावीचं बटण दाबलं. मागं माझी गाडी केवढ्यानं तरी किंचाळली.

काका लगेच पलीकडच्या डोंगराकडं बघायला लागले, जणू काही ऐकलंच नाही.